आमटीचं झाकण आणि एकशे सत्तावन्नावा नंबर

राज्यस्तरीय भाषणस्पर्धेसाठी माझी निवड झाली त्या दिवशी मी ती बातमी घरात प्रत्येकाला तीन-तीनदा सांगितली. घरात माझ्याशिवाय दोनच माणसं आहेत, आई आणि बाबा. म्हणजे सहा वेळा. सातव्यांदा सांगायला लागले तेव्हा आई म्हणाली, "नेत्रा, आता शेजारच्यांना सांग. आमचं पाठ झालं."

पण मला सांगावंसं वाटणारच ना! दोन वर्षांपूर्वी मी वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी घामाघूम व्हायचे. आणि आता, फेब्रुवारी २००७ मध्ये, डब्लिनच्या आमच्या शाळेतून फक्त दोघंजण राज्यपातळीवर निघाले होते आणि त्यातली एक मी होते. डब्लिन म्हणजे ओहायोतलं. आयर्लंडमधलं नाही. हे मला नागपूरच्या मावशीला दर फोनवर सांगावं लागतं.

माझा विषय होता 'जगाच्या शर्यतीत अमेरिका मागे पडते आहे का?' त्या वर्षी सगळ्यांना हीच काळजी लागली होती. कुठल्याशा अहवालात अमेरिकेचा पहिला नंबर गेला होता, आणि आमच्या मिसेस क्रॉली बाई ते वर्गात अशा आवाजात सांगायच्या, की वाटावं त्यांच्या घरातलंच कोणीतरी आजारी आहे. भाषणात एक तरी खरी मुलाखत हवी, असा त्यांचा आग्रह होता. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी वर्तमानपत्र वर केलं.

माझे बाबा, रवींद्र टेंभेकर, ऑलब्रूक नावाच्या कंपनीत इंजिनियर आहेत. ऑलब्रूक प्लॅस्टिकचे डबे आणि त्यांची झाकणं बनवते. एका गुळगुळीत बिझनेस मासिकात दरवर्षी मे महिन्यात शंभर 'सर्वांत कल्पक कंपन्यां'ची यादी येते. त्या यादीत ऑलब्रूक बेचाळिसावी होती ती आदल्या वर्षी धपकन एकोणनव्वदावर आली. तेव्हापासून कंपनीत हलकल्लोळ. मोठ्या साहेबांनी फतवा काढला, की प्रत्येकाने कल्पना द्यायच्या आणि त्या मोजल्या जाणार.

"तुमच्या मोठ्या साहेबांची मुलाखत हवी मला," मी म्हटलं. "दहा मिनिटं."

"अगं, त्यांना कशाला त्रास? मी सांगतो ना तुला काय हवं ते."

"बाबा, तुम्ही काहीही सांगितलंत तरी शेवटी म्हणता, पण हे माझं नाव घेऊन लिहू नकोस."

आई फसकन हसली. मुलाखत ठरली.

ऑलब्रूकच्या लॉबीत शिरल्या शिरल्या समोर एक भलामोठा फळा लावला होता. त्यावर एकशे साठ नावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रत्येकापुढे गुण. कल्पना दिली की एक गुण, ती पसंत पडली की पाच, पेटंटसाठी गेली की वीस. बाबा मला घाईघाईने लिफ्टकडे नेत होते, पण मी थांबले. मला नंबर वाचायला आवडतात, विशेषतः ओळखीच्या माणसांचे.

दुसरा: डेनिस, म्हणजे बाबांचा मॅनेजर. चौथा: चंद्रशेखर केळुसकर.

चंद्रशेखरकाका! आमच्या महाराष्ट्र मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ. १९६९ साली एक सूटकेस घेऊन आले आणि बाबांना ऑलब्रूकमध्ये चिकटवणारेही तेच. पण काका रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती! कागदोपत्री ते 'सल्लागार' होते, म्हणजे नाताळच्या जेवणाला कंपनीत जायचे आणि जेवण कसं बिघडलंय त्याचा सल्ला द्यायचे. घरी बसून माणूस चौथा?

बाबांचं नाव शोधायला मला खाली वाकावं लागलं. एकशे सत्तावन्नावं. गुण दोन. दोन्ही सायकलस्टँड हलवण्याबद्दलचे.

वर मिस्टर हॉलिस, मोठे साहेब, माझ्याशी फारच छान बोलले. देशाचा नंबर कंपन्यांमुळे ठरतो, कंपन्यांचा नंबर माणसांमुळे ठरतो, म्हणून माणसांना नंबर द्यायचे, असं त्यांचं गणित. मी भराभर लिहून घेतलं.

"आणि खालच्या नंबरांचं काय होतं?" मी विचारलं.

"एप्रिलअखेर वरची चाळीस माणसं इथे डब्लिनच्या संशोधन केंद्रात राहतील. बाकीच्यांना नेब्रास्काच्या कारखान्यात काम देणार आहोत. चांगला कारखाना आहे. शेजारी मक्याची सुंदर शेतं आहेत."

माझं पेन थांबलं. नेब्रास्का! शाळेचं शेवटचं वर्ष, माझी भाषणाची टीम, सगळं सोडून मक्याच्या शेतात? आणि आईची लायब्ररीतली नोकरी? आणि बाबांनी हे घरी सांगितलंच नव्हतं!

"पण आमच्याकडे रत्नं आहेत," हॉलिस सांगत होते. "हा चंद्रा, एका वर्षात अकरा कल्पना! त्यातली एक पेटंटला चालली आहे, वाफ सोडणारं झाकण. पुढच्या गुरुवारी मासिकाची माणसं येतायत, त्यांना मी चंद्रालाच भेटवणार आहे. गंमत म्हणजे मला तो कुठल्याच टेबलावर सापडत नाही."

वाफ सोडणारं झाकण. ते तर आमच्या घरातलं! पण साहेबांसमोर मी फक्त आभार मानले आणि वही मिटली.

गाडीत मात्र सीटबेल्ट लावायच्या आधीच सुरुवात केली. "बाबा, चंद्रशेखरकाका चौथे आहेत."

"हो ना. छान आहे."

"तुम्ही एकशे सत्तावन्नावे आहात."

बाबांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, मागे बघितलं, आणि म्हणाले, "एकशे साठात म्हणजे शेवटून चौथा. तेही चौथे, मीही चौथाच. बाजू वेगळी, एवढंच."

"बाबा! ते झाकण तुमचं आहे! आपल्या घरी झालंय ते! आणि आपण नेब्रास्काला जाणार आहोत, हे मला तुमच्या साहेबांकडून कळतं?"

बाबांनी उगाचच आरसा नीट केला. मग हळूच म्हणाले, "आईला मी सांगणारच होतो. जरा चांगली वेळ बघून."

झालं होतं असं. कल्पनेच्या फॉर्मवर वर लिहिलं होतं 'नावे' आणि खाली पाच ओळी होत्या. आमचे बाबा सहा वर्षं मंडळाची कार्यक्रमपत्रिका तयार करतात. तिची एक रीत आहे. आधी अध्यक्ष, मग ज्येष्ठ मंडळी, मग ज्यांनी हॉल मिळवून दिला ते, आणि ज्या माणसाने खुर्च्या मांडण्यापासून माइक दुरुस्त करण्यापर्यंत सगळं केलं त्याचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'विशेष सहकार्य'मध्ये. बाबांनी ऑलब्रूकचा फॉर्मही त्याच रीतीने भरला. पहिलं नाव चंद्रशेखरकाका, कारण ज्येष्ठ. दुसरं डेनिस, कारण मॅनेजर. तिसरं साचे बनवणारी डोरिस, कारण तिने साचा रविवारी येऊन करून दिला. आणि सर्वांत खाली 'शेरा' नावाच्या चौकटीत: सहकार्य, आर. टेंभेकर. कंपनीच्या कॉम्प्युटरने शेऱ्याच्या चौकटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. असं एकदा नाही, अकरा वेळा.

"पण काकांनी काय केलं त्यात?" मी विचारलं.

"त्यांनी मला नोकरी लावली."

"ते संशोधन नाही, बाबा!"

"आपलं नाव आपणच वर कसं लिहायचं गं? बरं दिसतं का ते?"

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगून टाकलं. चांगली वेळ वगैरे न बघता. आई मूळची पुण्याची, तिला राग आला की आवाज चढत नाही, उलट खाली येतो.

"रवी," ती हळू आवाजात म्हणाली, "माझा मायक्रोवेव्ह आठ महिने तुझी प्रयोगशाळा होता. आतून पिवळा झालाय तो. आणि त्याचं श्रेय डेनिसला? डेनिस आला होता पुसायला?"

त्याचं असं, की आमच्याकडे आमटी गरम करायला ठेवली की फुटायची. दर रविवारी मायक्रोवेव्ह कोणी पुसायचा यावरून भांडण. बाबा भांडणात पडत नाहीत, ते बाजूला जाऊन विचार करतात. त्यांनी डब्याच्या झाकणाला भोक पाडून त्यावर एक इवलीशी झडपेसारखी पडदी केली. आत वाफ वाढली की ती उचलली जाते, वाफ सोडते आणि परत बसते. सतरा झाकणं बिघडली. अठरावं बसलं. बाबांच्या कंपनीच्या वहीत सगळं तारीखवार लिहिलेलं आहे, पण कसं? 'पिवळा डाळीचा द्रव, मध्यम दाट, कढीपत्त्याचे दोन तुकडे.' प्रत्येक पानाखाली साक्षीदाराची सही लागते. ती सही माझी आहे. पंधरा वर्षांची नेत्रा टेंभेकर, साक्षीदार. एका पानावर तर हळदीचं बोट उमटलंय, तेही माझंच.

बाबांनी कपाटातून वही काढली. वहीबरोबर एक लिफाफाही निघाला.

"हा दहा दिवसांपूर्वी आलाय," ते म्हणाले. "कंपनीच्या वकिलांकडून. पेटंटचा खरा फॉर्म."

मी वाचला. वरती तीन नावं छापलेली: काका, डेनिस, डोरिस. खाली नव्या नावांसाठी जागा सोडलेली. आणि त्याखाली लिहिलं होतं, की माहिती देणारा शपथेवर सांगतो, वरच्या प्रत्येकाला ही कल्पना स्वतः सुचली आहे आणि सुचलेल्या कोणाचंही नाव राहिलेलं नाही. खोटं निघालं तर पेटंट रद्द. माहिती देणारे म्हणून सही बाबांची हवी होती.

आता आमच्या बाबांना ओळखणाऱ्यालाच कळेल की दहा दिवस त्यांना झोप का नव्हती. ज्या माणसाने व्हिसाच्या फॉर्मवर उंची लिहिताना अर्धा इंच कमी भरतो म्हणून परत भिंतीला उभं राहून मोजलं, तो शपथेवर खोटं लिहिणार? शक्यच नाही. पण खरं लिहायचं म्हणजे चंद्रशेखरकाकांना जाऊन सांगायचं, तुमचं नाव काढतोय आणि माझं घालतोय. तेही शक्य नाही. म्हणून लिफाफा शर्टांच्या खाली.

"सोपं आहे," मी म्हटलं. "खोटं की उद्धटपणा, एक निवडा."

"नेत्रा," आई म्हणाली, "ही भाषणस्पर्धा नाही." पण मग बाबांकडे वळून: "तशी बरोबर बोलतेय ती."

रविवारी सकाळी आम्ही तिघं काकांकडे गेलो. शुभाकाकूंनी पोहे केले होते. बाबांनी सुरुवातीला हवेबद्दल विचारलं, मग काकांच्या गुडघ्याबद्दल, मग दुसऱ्या गुडघ्याबद्दल. लिफाफा त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता आणि ते दर दोन मिनिटांनी तिथे हात लावून बघत होते. मी तोंड उघडलं की आई माझ्या पायावर पाय द्यायची.

शेवटी काकाच म्हणाले, "बरं झालं आलास, रवींद्र. सोमवारी मला हॉलिसचा फोन आला होता. गुरुवारी मासिकवाले येतायत माझी मुलाखत घ्यायला. फोटोसाठी कोटसुद्धा ड्रायक्लीन करून आणला. चौथा नंबर आहे म्हणे माझा!"

"काका, तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?" मी विचारलंच. पायावर पाय पडला.

"वाटलं थोडं. पण म्हटलं, मी कधीतरी बोलता बोलता काहीतरी सांगितलं असणार आणि यांनी ते टिपून घेतलं असणार."

"तुम्ही बोलता बोलता काय काय सांगता ते मला चांगलं ठाऊक आहे," शुभाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्यावर झाकणच बसवायला हवं."

"तू थांब गं. रवींद्र, मला जरा समजावून ठेव. ते झाकण नेमकं कसं चालतं? म्हणजे विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

बाबांनी एक पेपर नॅपकिन घेतला, त्यावर पेनने गोल काढला आणि सांगायला लागले. पहिली दोन मिनिटं चाचरत. मग भोक किती मोठं असावं तिथे आले आणि त्यांचा आवाज बदलला. भोक मोठं ठेवलं तर भात कोरडा पडतो, लहान ठेवलं तर आमटी उडते. पडदी मधोमध लावली की चिकटते, कडेला लावली की सुटते, आणि हे त्यांना सतराव्या झाकणाला कळलं, कारण त्या दिवशी डबा चुकून तिरका ठेवला गेला होता. काका आधी मान डोलावत होते. मग खुर्ची पुढे ओढून घेतली. मग प्रश्न विचारायला लागले, आणि ते प्रश्न साधे नव्हते. पोहे गार झाले. दोघंही नॅपकिनवर वाकलेले. माझ्या बाबांना मी इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. भाषणस्पर्धेत त्यांनाच पाठवायला हवं होतं.

"वा!" काका शेवटी मागे टेकले. "सुरेख! साधं आहे म्हणून सुरेख. आता एवढं सांग, यात मी काय केलं?"

बाबांचा हात खिशावर गेला. माझं नेब्रास्का, माझी टीम, आईची लायब्ररी, सगळं त्या एका उत्तरावर येऊन उभं राहिलं होतं.

"काही नाही, काका," बाबा म्हणाले.

एवढंच. कान लाल झाले होते त्यांचे. मग त्यांनी लिफाफा काढून टेबलावर ठेवला आणि बाकीचंही सांगितलं: फॉर्म, पाच ओळी, अकरा वेळा, शपथ, नेब्रास्का.

काका फॉर्म वाचत बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी शुभाकाकूंना हाक मारली.

"शुभा, मी चौथा नाही."

"मला सोमवारपासून माहीत आहे," काकू म्हणाल्या. "पोहे घालू अजून?"

"लेकीला ईमेल केली गं मी. हॉलिसने दिलेला फळ्याचा फोटोही पाठवला." काका खरोखर हिरमुसले होते, आणि मला एकदम त्यांचं वाईट वाटलं. सहा वेळा बातमी सांगणाऱ्या मुलीला कळतं ते. "आणि तो कोट?"

"लग्नाला घाला कोणाच्या तरी."

मग काका हसले. आधी थोडं, मग पोट धरून. "रवींद्र, अरे, नोकरी लावली त्याचे आभार मानायचे तर श्रीखंड आण. पेटंट काय देतोस!"

त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी आणली आणि स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली. मग डेनिसच्या नावावर पट्टी ठेवली.

"काका, डेनिसला काय वाटेल?"

"डेनिसला मी बावीस वर्षं ओळखतो. झाकण कुठल्या बाजूने लावायचं तेही त्याला दुसऱ्या कोणाला विचारावं लागतं." रेघ. डोरिसच्या नावापाशी बाबांनी पट्टी धरली. साचा तिचा, पण कल्पना तिची नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि तिला वेगळं पत्र लिहायचं ठरवलं. मग रेघ मारू दिली. तीन रेघांच्या खाली त्यांनी आपलं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर बघत बसले.

"एकटंच नाव कसं वाटतं," म्हणाले. "खालच्या ओळी रिकाम्या राहिल्या."

"राहू देत," आई म्हणाली. तिने फॉर्म उचलून लिफाफ्यात घातला आणि लिफाफा स्वतःच्या पर्समध्ये. बाबांच्या खिशावर तिचा आता विश्वास नव्हता.

वकिलांनी वही मागवली. पिवळ्या डागांचं पान बघून त्यांनी विचारलं, की ही साक्षीदार कोण, आणि तिला प्रयोग समजला होता का. मी फोनवर त्यांना सतरा झाकणांचा इतिहास क्रमाने सांगितला. अठराव्याआधीच ते म्हणाले, पुरे. मग बाबांना बाकीचे दहा फॉर्मही दुरुस्त करायला लावले. मार्चच्या पहिल्या सोमवारी फळा बदलला. काका फळ्यावरून गेले. डेनिस दुसऱ्यावरून एकसष्टावर गेला, दोन दिवस बाबांशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आला, त्याची चिली, म्हणजे त्यांची राजम्याची आमटीच, मायक्रोवेव्हमध्ये फुटते म्हणून. बाबा तिसरे. आम्ही डब्लिनमध्येच राहिलो.

त्या गुरुवारी मासिकाच्या फोटोग्राफरने काकांऐवजी बाबांना मधोमध उभं राहायला सांगितलं. फोटोत ते डाव्या कडेला आहेत. मध्ये झाकण आहे.

माझं भाषण? सातवी आले! राज्यात! परीक्षकांनी लिहिलं होतं, 'अमेरिकेबद्दल थोडं अधिक आणि आमटीबद्दल थोडं कमी हवं होतं.' मला नाही पटलं. मी एवढंच म्हटलं होतं, की देशाला नंबर देणाऱ्यांनी आधी खालची बारीक अक्षरं वाचावीत. मे महिन्यात मासिकाची यादी आली. ऑलब्रूक शहाऐंशीवी. तीन नंबरांची झेप! मिस्टर हॉलिसनी लॉबीत केक कापला.

हे सगळं मी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी लिहून बाबांकडे दिलं, कारण संपादक तेच आहेत. दोन दिवसांनी कागद परत आला. शुद्धलेखन सुधारलेलं, आणि शेवटी पेन्सिलीने एक ओळ: 'मार्गदर्शन: श्री. चंद्रशेखर केळुसकर.'

मी तिथल्या तिथे काकांना फोन लावला. "काका, तुम्ही मला गोष्टीसाठी मार्गदर्शन केलंत?"

"मी? तू गोष्ट लिहिलीस हेच मला आत्ता कळतंय. काय लिहिलंयस माझ्याबद्दल?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी वर्तमानपत्र वर केलं. मी खोडरबर घेतलं.